लाकडी लेखणीचे घासकाम
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



या मासिक सभेत आजवर ज्ञानेश्वरीपासून आयकराच्या विवरणपत्रापर्यंत नाना विषयांवर व्याख्याने झाली. परंतु लाकूड कसे घासावे या विषयावर कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींवर टिपणे लिहिण्यात गेले. यंत्र, हत्यार, रंध्या यांच्याशी आमचा संबंध वयाची पन्नाशी उलटल्यावर आला. तेव्हा आम्ही या विषयातील अधिकारी म्हणून उभे नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. दोन लेखण्या आमच्या हातून बिघडल्या आणि त्या का बिघडल्या हे शोधण्यात चार महिने गेले, एवढाच आमचा अधिकार.

या प्रकरणाचा उगम आपल्या मंडळाच्या जुन्या पुस्तकाच्या कपाटात आहे. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंडळाची स्थापना झाली त्या वर्षी वर्गणी काढून एका लिलावात घेतलेले ते सागवानी कपाट. मराठी पुस्तके या शहरात मिळत नसत. सुट्टीत गावी जाणारा प्रत्येक सभासद परतताना ट्रंकेत दोन-चार पुस्तके आणी आणि ती या कपाटात जमा करी. गेल्या पावसाळ्यात त्याची मागील फळी आणि खालचे कप्पे वाळवीने पोखरलेले आढळले. कपाट मोडीत काढावे असे कार्यकारिणीने ठरविले. तथापि दारांच्या चौकटीच्या पट्ट्या टणक होत्या. तेव्हा चिटणीसांनी सूचना केली की, संस्थापक सभासदांपैकी जे सात जण आज हयात आहेत त्यांना या लाकडाची लेखणी करून सुवर्णमहोत्सवात द्यावी. लेखणीच्या टोपणाकडील भागात पांढऱ्या लाकडाचे एक अरुंद वलय असावे, ते या वर्षाची खूण म्हणून. आमच्या घरी लहानसे लेथयंत्र आहे, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे काम आमच्याकडे आले.

मोजणी केली. चांगल्या पट्ट्यांतून पाच इंच लांबीचे आणि पाऊण इंच जाडीचे नऊ तुकडे निघाले. सात लेखण्या, नऊ तुकडे. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर दोन तुकड्यांची तरतूद अनपेक्षित खर्चासाठी होती.

वलयासाठी लाकूड चन्नपट्टणहून आणले. बंगलोरहून म्हैसूरकडे जाताना साठेक किलोमीटरवर हे गाव लागते; तेथील रंगीत लाकडी खेळणी आपणांपैकी अनेकांच्या घरी असतील. ती ज्या झाडापासून होतात त्याला कानडीत 'हाले' म्हणतात आणि आपल्याकडे काळा कुडा. नावात काळेपणा असला तरी त्याचे लाकूड हस्तिदंताप्रमाणे पांढरे आणि बारीक पोताचे असते. सागाची गोष्ट वेगळी. सागाच्या प्रत्येक वर्षीच्या वाढीच्या आरंभी मोठमोठ्या नळ्यांची एक ओळ असते. आडवा छेद घेतला तर ती छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि उभ्या बाजूने पाहिले तर त्याच लांबट तपकिरी रेघा होतात. सागाचे जे सौंदर्य आपण वाखाणतो ते या रेघांचे. एक लाकूड उघड्या छिद्रांचे व काळसर, दुसरे मिटल्या अंगाचे व पांढरे. ही दोन शेजारी बसवून एकाच कागदाने घासावयाची, यात सारी अडचण भरलेली आहे.

अडचण समजण्यासाठी लेखणीची घडण थोडी सांगितली पाहिजे. लाकडाच्या तुकड्याला आरपार 7 मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळेची नळी डिंकाने बसवितात. तुकड्याच्या दोन्ही टोकांना पोलादाची एकेक कडी लावून तो सळईवर चढवितात व लेथवर फिरवीत पटाशीने कातत जातात. कडीचा व्यास पुढे बसणाऱ्या धातूच्या टोपणाइतकाच असतो. लाकूड कडीच्या बरोबरीला आले की थांबावयाचे. आमच्या लेखणीत कडीचा व्यास सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास होता. म्हणजे टोकाशी पितळेवर उरणारे लाकूड किती? अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक. पोस्टकार्डे दोन-तीन एकावर एक ठेवावीत, तितके. आता या लाकडात घाण शिरली आणि ती घासून काढू म्हटले तर लाकूड टोपणाच्या खाली जाते आणि जोडाशी बोटाला पायरी लागते. आणखी घासले तर पितळ डोकावते. टेबलाची फळी मळली तर रंध्याचा एक हात मारून खालचे नवे लाकूड उघडता येते. लेखणीला ती सोय नाही.

पहिली लेखणी आम्ही मोठ्या उमेदीने कातली. वलय अंगच्या पांढरेपणाने उठून दिसत होते. मग घासकाम सुरू केले. 150 क्रमांकाच्या कागदापासून आरंभ केला, कारण पटाशीच्या खुणा बऱ्याच राहिल्या होत्या. यंत्र वेगात ठेवले, कागद दाबून धरला. धुरळा उडाला, सागाचा परिचित वास दरवळला, आणि यंत्र थांबवून पाहतो तो वलय चहाच्या रंगाचे झालेले. सागाचा तेलकट भुगा कागदाच्या दाण्यांत अडकून त्याच कागदाने पांढऱ्या लाकडावर चोळला गेला होता. उलट बाजूने पांढरी पूड सागाच्या रेघांत बसून त्या पिठूळ दिसू लागल्या होत्या. दोन्ही लाकडांनी एकमेकांचे रूप घालविले.

यावर आम्ही जे केले ते अधिकच वाईट. स्पिरिटमध्ये कापड भिजवून लेखणी पुसली. सागाच्या अंगचा रंग व तेल स्पिरिटमध्ये उतरते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. जो भुगा वर बसला होता त्याचा रंग आता विरघळून वलयाच्या आत झिरपला. फाईलवर चुकीचा शेरा मारावा आणि तो खोडण्याच्या नादात शाई पानभर पसरावी, तसे झाले. आम्ही ती लेखणी तशीच चालवून घेण्याच्या विचारात होतो. घरातून विचारणा झाली, "हे वलय मुद्दाम मळके ठेवले आहे का?" प्रश्न निरागस होता. लेखणी खणात गेली.

दुसऱ्या वेळी आम्ही सावध झालो. कागद बारीक घेतला, वेग कमी केला, स्पिरिटला हात लावला नाही, दर मिनिटाला फुंकणीने भुगा उडविला. या वेळी वलयाचा आतला काठ, जो मोठ्या सागवानी भागाकडे होता, तो स्वच्छ राहिला. पण बाहेरचा, टोकाकडील काठ मात्र करडा पडला. तपकिरी नव्हे, करडा; शिसपेन्सिलीने हलकेच रंगविल्यासारखा. याचे कारण काही केल्या उमगेना. नऊपैकी दोन तुकडे गेले होते आणि राखीव असे आता काही उरले नव्हते. तिसरा तुकडा यंत्रावर चढविण्यास हात धजेना. तीन रविवार यंत्रावर कापड झाकून ठेवले.

चौथ्या रविवारी चन्नपट्टणला गेलो. ज्या कारागिराकडून पांढरे लाकूड घेतले होते तो वयाने आमच्याच बरोबरीचा. घरात दखनी बोलणारा, त्यामुळे आमचे मोडके हिंदी चालून गेले. त्याच्यासमोर दोन्ही लेखण्या ठेवल्या. त्याने त्या उजेडात फिरविल्या, नखाने चाचपल्या आणि म्हणाला, "साब, कागद का काम कम, हत्यार का काम ज़्यादा." मग एक लाकूड फिरते ठेवून त्याने पटाशीची धार अशी काही तिरपी टेकविली की, भुग्याऐवजी कांद्याच्या पापुद्र्यासारखी लांब साल निघू लागली. थांबवून दाखविले तर लाकूड घासल्यावाचूनच चकाकत होते. त्याच्या कामात कागदाचा वापर अगदी थोडा. त्यावर फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवावयाची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, आणि केवड्याच्या जातीच्या झाडाचे वाळलेले पान दाबून ती एकसारखी पसरवावयाची व चमकवावयाची. हे पाहताना आम्हांस आमचे आजोळ आठवले. सावंतवाडीच्या चितार आळीत लहानपणी आम्ही लाखकामाची फळे आणि पाट पाहत तासन् तास उभे राहत असू. पण तेव्हा डोळा रंगावर होता, हत्याराच्या धारेवर नव्हता.

धारेसंबंधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात आणि ते हत्याराची धार फार लवकर मारतात. मग बोथट पटाशी लाकडाचे तंतू कापण्याऐवजी उपटते. उपटलेल्या तंतूंच्या खाली बारीक खळगे राहतात. ते घालविण्यासाठी आपण खरखरीत कागद घेतो. खरखरीत कागद भुगा जास्त करतो. आणि तो भुगा त्याच खळग्यांत जाऊन बसतो. आमच्या पहिल्या लेखणीचे दुर्दैव कागदापूर्वीच ठरून गेले होते. आता आम्ही एका लेखणीस पटाशीला दोनदा धार देतो. पैकी दुसरी वेळ शेवटचा हात फिरविण्याच्या अगदी आधी. तेवढ्याने 150 चा कागद कायमचा सुटला. आरंभ 320 पासून होऊ लागला.

परंतु करड्या काठाचे कोडे सुटले नव्हते. कारागिराने तो पाहून मान हलविली होती. त्याच्या कामात पोलादी कड्या नसतातच. त्याच वाक्यावर परतीच्या गाडीत आमचे चित्त घोटाळत राहिले. घरी येऊन वापरलेले कागद काढले. लेखणीच्या टोकाशी जो भाग टेकला होता तेथे कागदावर काळी पट्टी होती. ती चाकूने खरवडून निघालेली पूड पांढऱ्या पोस्टकार्डावर ठेवली आणि खालून नातवाच्या खेळातील चुंबक फिरविला. पूड उठून उभी राहिली आणि चुंबकामागे चालू लागली. ते लोखंड होते. कागद लाकडावरून सरकत टोकाशी जाई तेव्हा पोलादी कडीही घासली जाई, तिचा काळा कीस कागदावर चढे आणि परतताना सर्वांत जवळच्या पांढऱ्या वलयावर उतरे. सागावर तो दिसत नसे इतकेच. शिवाय लोखंडाचा कीस सागासारख्या लाकडात राहून त्याला ओल लागली तर पुढे निळसर काळे डाग पडतात, म्हणजे न दिसणारी घाणही निर्धोक नव्हती. अनेक जण लाकूड चकचकीत करण्यास पोलादी तारांचा बोळा वापरतात. उघड्या छिद्रांच्या लाकडावर तो याच कारणासाठी टाळावा. तारेचे तुटलेले तुकडे छिद्रांत अडकतात ते निघत नाहीत.

उपाय सोपा होता. कातकाम पोलादी कड्यांवर पूर्ण करावयाचे, आणि घासण्यापूर्वी त्या काढून त्याच मापाच्या नायलॉनच्या कड्या चढवावयाच्या. नायलॉनची कांडी त्याच लेथवर कातून आम्ही अशा चार कड्या केल्या. त्या घासल्या जाऊन लवकर बारीक होतात, म्हणून दर दोन लेखण्यांमागे बदलाव्या लागतात. पण त्यांचा कीस पांढरा असतो आणि लाकडावर चढत नाही.

उरला प्रश्न भुग्याचा. तो लाखेने सुटला. काही वर्षांपूर्वी आमची बदली रांचीस झाली असता नामकूमची लाख संशोधन संस्था पाहण्याचा योग आला होता. 1924 साली स्थापन झालेली ही संस्था. तेथे लाखेचे इतके प्रकार मांडलेले होते की, आम्ही त्या वेळी कंटाळलो होतो, हे कबूल करतो. आता ते उपयोगी पडले. साधी चपडा लाख नारिंगी असते, तिने पांढरे लाकूड पिवळसर दिसते. रंग काढलेली पांढरी लाख मिळते, ती स्पिरिटमध्ये अगदी पातळ विरघळवून घ्यावी. शेवटची साल काढली की यंत्र थांबवावयाचे आणि कागद लावण्यापूर्वीच चित्रकाराच्या बारीक कुंचल्याने हे पाणी फक्त पांढऱ्या वलयावर द्यावयाचे. कुंचला सागाला लागता कामा नये, कारण लाखेतही स्पिरिट आहेच आणि ते सागाचा रंग ओढणार. असे तीन पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. वलयाची छिद्रे आता बंद झाली. भुगा आला तरी वरच्या वर राहतो. त्यानंतर सागवानी भागावर तेच पाणी, पण वलयापासून दूर जाणाऱ्या दिशेने. पुसावयाचे झाले तरी नियम हाच की, हात पांढऱ्याकडून काळ्याकडे जावा, उलट कधी नाही. वलयासाठी कागदाचा तुकडा निराळा, सागासाठी निराळा. आम्ही पाठीवर पेन्सिलीने 'पां' आणि 'सा' लिहून ठेवतो. घरात यावरून आमची थोडी थट्टा होते.

घासताना यंत्र मंद ठेवावे आणि कागद केवळ टेकवावा. दाब दिला की उष्णता होते, उष्णतेने सागाचे तेल आणि लाख दोन्ही मऊ पडतात, कागद गुळगुळीत होऊन त्यावर भुग्याचे डाग धरतात, आणि तो कागद मग घासत नाही, माखतो. डाग धरलेला कागद टाकून द्यावा. येथे काटकसर करू नये. चार पैशांचा कागद वाचवून आम्ही पन्नास वर्षांचे लाकूड घालविले आहे. आणखी एक. लेखणीत लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि यंत्र फिरते आडवे; त्यामुळे कागदाचे ओरखडे तंतूंना छेदून गोल कड्यांसारखे उमटतात व त्यांत धूळ बसून ते उठून दिसतात. म्हणून 320, 400 आणि 600 या प्रत्येक कागदानंतर यंत्र थांबवून हाताने लांबीच्या दिशेने दहा-बारा वेळा घासावे, सागाच्या रेघांवरून मऊ दातघासणी त्याच दिशेने फिरवावी, फुंकणीने भुगा उडवावा आणि भिंगातून पाहूनच पुढचा कागद घ्यावा. ही पायरी अत्यंत कंटाळवाणी आहे. आम्ही एकदाच ती गाळली आणि लाखेचा शेवटचा हात दिल्यावर ओरखड्यांची सारी वर्तुळे दिसू लागली. ती लेखणी पुन्हा पहिल्यापासून घासावी लागली. सुदैवाने टोकाशी लाकूड तेवढे उरले होते.

शेवटी मेण लावतात. पांढरे मेण सागाच्या छिद्रांत वाळले की पांढरे ठिपके होऊन राहते, म्हणून सागवानी भागास तपकिरी मेण घ्यावे, तेही थोडे. फिरत्या यंत्राजवळ कापड नेऊ नये; ते सळईला गुंडाळले जाऊन बोटे ओढली जातात. कागदी रुमाल वापरावा, तो फाटतो. नाकातोंडावर जाड मुखपट्टी हवीच; लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना फार वाईट, आणि जवळ लहान मुले असतील तर यंत्र सुरूच करू नये.

या पद्धतीने सात लेखण्या सात तुकड्यांतून पूर्ण झाल्या. त्यांतील एक मधल्या भागात मुद्दाम 12 मिलिमीटर जाड ठेवली, कारण जिच्यासाठी ती होती त्या आमच्या आजींची बोटे संधिवाताने नीट मिटत नाहीत. मंडळाच्या ग्रंथालयाची पहिली दाखलवही त्यांच्याच अक्षरात आहे. गेल्या महिन्यात लेखणी द्यावयास आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात दोन रेघा ओढून पाहिल्या, चष्मा लावून वलय पाहिले आणि विचारले, "कपाटाच्या डाव्या दाराचे लाकूड का उजव्या?" उजव्या दाराची वरची पट्टी होती ती, तसे सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, डाव्या दाराला कुलूप नीट बसत नसे, उजवेच नेहमी उघडावे लागे. पुढे बराच वेळ त्या कुलपाची किल्ली कोणाकोणाकडे असे याविषयी बोलत होत्या.

दोन बिघडलेल्या लेखण्या आम्ही येथे टेबलावर आणल्या आहेत, शेजारी भिंगही आहे. डावीकडची सागाच्या भुग्याने मळलेली, उजवीकडची लोखंडाने. उजवीच्या टोकाशी करडा काठ कोठे संपतो ते भिंगातून अवश्य पाहावे. ज्यांना नायलॉनच्या कड्यांचे माप हवे असेल त्यांनी सभेनंतर भेटावे. कागदावर लिहून आणले आहे.